आलिशान मोटारगाडी आणि इंधनाचा हिशेब

मोटारगाडीची किंमत माणूस एकदाच मोजतो. ती चालविण्याची किंमत मात्र त्याला रोज मोजावी लागते. पहिली रक्कम विक्रेत्याच्या दरपत्रकावर ठळक अक्षरांत लिहिलेली असते. दुसरी रक्कम पेट्रोल पंपाच्या पावत्या, विम्याचे हप्ते, टायरवाल्याची बिले आणि गाडीचे उतरत जाणारे मूल्य यांत विखुरलेली असते. ती कोणीही एके ठिकाणी लिहून देत नाही, ती ज्याची त्यानेच मांडावी लागते. प्रस्तुत प्रकरणात हा हिशेब एका विशिष्ट जातीच्या गाडीच्या आधारे मांडला आहे. ही जात म्हणजे लहान आकाराची आलिशान 'क्रॉसओव्हर'. अशी गाडी थोड्यांनाच परवडते हे खरे. परंतु तिच्यावरून काढलेले निष्कर्ष साध्या मोटारीलाच नव्हे, तर रिक्षा आणि दुचाकीलाही लागू पडतात.

क्रॉसओव्हर म्हणजे काय, हे प्रथम पाहू. पूर्वी जीपसारख्या उंच गाड्यांची बांधणी मालमोटारीप्रमाणे असे. खाली पोलादी चासिस आणि तिच्यावर बसविलेली स्वतंत्र बॉडी, अशी ती रचना होती. ती दणकट होती. पण जड आणि बसायला धक्केदार होती. क्रॉसओव्हरमध्ये रूप जीपचे आणि बांधणी साध्या मोटारीची असते; चासिस आणि बॉडी यांचे एकच एकसंध कवच केलेले असते. १९९४ मध्ये आलेली टोयोटा कंपनीची 'आरएव्ही-४' ही या पद्धतीच्या आरंभीच्या गाड्यांपैकी एक होय. याच कंपनीने १९८९ मध्ये अमेरिकेच्या बाजारासाठी 'लेक्सस' हे आलिशान गाड्यांचे नाव पुढे आणले. १९९८ मध्ये लेक्ससची 'आरएक्स' ही क्रॉसओव्हर आली आणि २०१४ मध्ये तिची धाकटी बहीण शोभेल अशी 'एनएक्स' आली. एनएक्स एकाच रूपात साध्या पेट्रोल इंजिनासह आणि पेट्रोल-वीज अशा संकरित, म्हणजे हायब्रिड, यंत्रणेसहही मिळत आली आहे. तुलनेसाठी ती सोयीची असल्यामुळे येथे तिचेच उदाहरण घेतले आहे.

एक लिटर पेट्रोल जाते कुठे?

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या भाषेत जवळजवळ नऊ युनिट ऊर्जा असते. ७५ वॉटचा घरगुती पंखा एवढ्या ऊर्जेवर सुमारे पाच दिवस आणि पाच रात्री अखंड फिरेल. तीच ऊर्जा घेऊन एक मोटारगाडी दहा-पंधरा किलोमीटर जाऊन थांबते. हा फरक का पडतो?

याचे पहिले कारण इंजिनातच आहे. उष्णतेवर चालणारे कोणतेही यंत्र मिळालेल्या सर्व उष्णतेचे कामात रूपांतर करू शकत नाही, हे साडी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्येच दाखवून दिले होते. निकोलाउस ओटो याने १८७६ मध्ये चार धावांचे इंजिन यशस्वी केले. त्या इंजिनाची आजची वंशजही या नियमातून सुटलेली नाहीत. दैनंदिन वापरात पेट्रोलमधील ऊर्जेपैकी साधारणपणे पाचवा ते चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोचतो. उरलेली ऊर्जा धुराच्या नळीतून, रेडिएटरमधून आणि यंत्राच्या भागांच्या घर्षणातून उष्णतेच्या रूपाने निघून जाते. चार रुपयांचे पेट्रोल भरले, तर त्यातले तीन रुपये हवा तापविण्यात खर्च होतात, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

चाकांपर्यंत पोचलेल्या ऊर्जेला तीन गिऱ्हाइके असतात: हवेचा रोध, टायरचा रोध आणि ब्रेक. आपली गाडी माणसांसह १,७५० किलोग्रॅम वजनाची आहे आणि समोरून तिचे क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर आहे, असे धरू. गाडी रस्त्यावरून गडगडत जाताना टायर सतत दबतात आणि पुन्हा फुगतात. त्यात होणारा रोध वजनाच्या सुमारे एक टक्का, म्हणजे १७० न्यूटनच्या आसपास असतो. वेगाबरोबर तो फारसा बदलत नाही. हवेचे तसे नाही. वेग दुप्पट झाला, की हवेचा रोध चौपट होतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला आपल्या गाडीपुढे हवेचा रोध सुमारे २४५ न्यूटन असेल, तर ताशी १२० किलोमीटरला तो ५५० न्यूटनवर जातो. दोन्ही रोध मिळून पहिल्या वेगाला ४१५ आणि दुसऱ्या वेगाला ७२० न्यूटन होतात. याचा अर्थ असा, की वेग दीडपट वाढविला असता प्रत्येक किलोमीटरला लागणारे काम सुमारे पावणेदोनपट वाढते.

इंजिनाची कार्यक्षमता दोन्ही वेळी २५ टक्केच राहिली असे मानले, तर पहिल्या वेगाने १०० किलोमीटर जाण्यास पाच लिटरांपेक्षा थोडे अधिक आणि दुसऱ्या वेगाने नऊ लिटर पेट्रोल लागेल. प्रत्यक्षात भार वाढला, की इंजिन थोडे अधिक कार्यक्षम होते आणि हे अंतर काहीसे कमी होते; पण त्याची दिशा बदलत नाही. उंच गाडीला हा दंड अधिक बसतो, कारण तिला अधिक हवा बाजूला सारावी लागते. ज्या उंचीमुळे चालकाला रस्ता दूरवर दिसतो, त्याच उंचीचे भाडे तो महामार्गावर प्रत्येक किलोमीटरला भरत असतो.

शहरातील रस्ता आणि संकरित गाडी

शहरात वेग कमी असल्याने हवेचा रोध गौण ठरतो. तेथे खरा खादाड ब्रेक असतो. १,७५० किलोग्रॅमची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात सुमारे १७० किलोज्यूल गतिज ऊर्जा साठलेली असते. सिग्नल लाल होतो, चालक ब्रेक दाबतो आणि ही ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकमध्ये जिरते. दिवा हिरवा झाला, की तीच ऊर्जा पेट्रोल जाळून पुन्हा निर्माण करावी लागते. इंजिनाची कार्यक्षमता ध्यानात घेता अशी चाळीस-पंचेचाळीस थांबणी झाली, की एक लिटर पेट्रोल केवळ थांबण्यात संपते. त्या पेट्रोलने गाडी एक किलोमीटरही पुढे नेलेली नसते. गाडी उभी आणि इंजिन चालू असतानाचा खर्च याहून वेगळाच. त्या स्थितीत तर किलोमीटर शून्य आणि पेट्रोल चालू, असा व्यवहार असतो.

संकरित यंत्रणेचे सारे मर्म येथे आहे. तिच्यात ब्रेक दाबताच विद्युत-मोटर जनित्राचे काम करू लागते आणि गाडीची गतिज ऊर्जा बॅटरीत साठविते. गाडी पुन्हा निघताना हीच वीज तिला ढकलते. गाडी उभी असताना इंजिन बंद राहते. शिवाय सुरुवातीचा जोर मोटर देत असल्याने इंजिन जोरकस असण्यापेक्षा काटकसरी असलेले चालते. ॲटकिन्सन या इंग्रज अभियंत्याने १८८० च्या दशकात सुचविलेल्या तत्त्वाचा येथे उपयोग होतो. त्या तत्त्वाप्रमाणे वायूला दाबण्यापेक्षा प्रसरण पावण्यास अधिक वाव दिला जातो आणि इंधनातून अधिक काम निघते. टोयोटाने आपल्या अडीच लिटरच्या संकरित इंजिनाची सर्वोच्च औष्णिक कार्यक्षमता ४१ टक्के असल्याचे जाहीर केले आहे.

या सर्वांचा परिणाम अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या आकड्यांत स्पष्ट दिसतो. २०२२ च्या एनएक्स गाडीपैकी टर्बो पेट्रोल इंजिनाच्या 'एनएक्स ३५०' ला शहरात गॅलनला २२ मैल आणि महामार्गावर २९ मैल, तर एकत्रित २५ मैल असा आकडा मिळाला. संकरित 'एनएक्स ३५० एच' चे आकडे अनुक्रमे ४१, ३७ आणि ३९ मैल असे होते. आपल्या मापात एकत्रित आकडे लिटरला सुमारे साडेदहा आणि साडेसोळा किलोमीटर असे येतात. येथे एक गोष्ट चटकन लक्षात येते. साध्या गाडीचा महामार्गावरील आकडा शहरातील आकड्यापेक्षा मोठा आहे; संकरित गाडीचा मात्र शहरातील आकडा मोठा आहे. परत मिळविण्यासारखी ऊर्जा शहरात असते; महामार्गावर ती नसते. जो मनुष्य मुख्यतः महामार्गावर एकसारख्या वेगाने प्रवास करतो, त्याला या यंत्रणेचा लाभ कमी मिळतो. गर्दीच्या महानगरात राहणाऱ्याला तो सर्वाधिक मिळतो.

छापील आकडा आणि रस्त्यावरील आकडा

हे आकडे गाडी रस्त्यावर नेऊन काढलेले नसतात. प्रयोगशाळेत गाडीची चाके रोलरवर फिरवितात, ठरलेल्या वेळापत्रकानुसार वेग वाढवितात आणि उतरवितात आणि धुराचे मापन करून इंधनाचा खर्च काढतात. सर्व गाड्यांची कसोटी सारखी असल्यामुळे तुलना न्याय्य होते. पण वेळापत्रक सौम्य असले, तर आकडा फुगतो. अमेरिकेने २००८ च्या गाड्यांपासून कसोटीत वेगवान चालविणे, वातानुकूलन आणि थंड हवामान यांचा समावेश केला, तेव्हा छापील आकडे खाली आले. युरोपातही २०१७ पासून नवी, अधिक वास्तव कसोटी लागू झाली. भारतातील गाड्यांची परीक्षा ज्या भारतीय चालनचक्रावर होत आली, त्यात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर एवढाच धरलेला आहे. भारतीय जाहिरातीतील आकडा आणि अमेरिकी लेबलावरील आकडा शेजारी ठेवून गाड्यांची तुलना करणे म्हणूनच चुकीचे ठरते.

भारतात इंधनाचाही एक प्रश्न आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात असा अंदाज दिला आहे, की मुळात शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळविलेल्या चारचाकी गाड्यांत २० टक्के मिश्रणामुळे इंधनकार्यक्षमता सहा ते सात टक्के घटेल. १० टक्क्यांसाठी रचलेल्या आणि २० टक्क्यांना जुळविलेल्या गाड्यांत ही घट एक ते दोन टक्केच राहील. इथेनॉलमुळे आयात कमी होते आणि शेतमालाला ग्राहक मिळतो, हे लाभ राष्ट्राच्या खात्यावर जमा होतात. लिटरमागे कमी पडणारे किलोमीटर मात्र गाडीवाल्याच्या खात्यावर पडतात. जुनी गाडी वापरणाऱ्याने हे ध्यानात ठेवूनच हिशेब केला पाहिजे.

आकडा वाचण्याची रीत

'लिटरला किती किलोमीटर' हे माप आपल्या अंगवळणी पडले आहे. पण ते फसवेही आहे. एका कुटुंबाकडे लिटरला ८ किलोमीटर देणारी जुनी जीप आणि २० किलोमीटर देणारी छोटी मोटार आहे. जीपच्या जागी १० किलोमीटर देणारी गाडी घ्यावी, की छोट्या मोटारीच्या जागी २५ किलोमीटर देणारी? पाच किलोमीटरची वाढ दोन किलोमीटरच्या वाढीपेक्षा मोठी वाटते. आता वर्षाला प्रत्येकी १२,००० किलोमीटर प्रवास धरून गणित करू. जीपचे पेट्रोल १,५०० लिटरांवरून १,२०० वर येते. बचत ३०० लिटर. छोट्या मोटारीचे ६०० वरून ४८० वर येते. बचत फक्त १२० लिटर. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या लॅरिक आणि सोल या दोन अभ्यासकांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हा दृष्टिभ्रम उघड केला. पुढे अमेरिकेच्या २०१३ च्या गाड्यांवरील लेबलात '१०० मैलांना किती गॅलन' हाही आकडा छापला जाऊ लागला. युरोपात तर '१०० किलोमीटरला किती लिटर' हीच रीत आहे. खर्चाचा प्रश्न असेल, तेव्हा हीच रीत वापरावी.

खर्चाची वही

आता मुख्य हिशेबाकडे वळू. सोयीसाठी गाडीची किंमत ५० लाख रुपये, वार्षिक प्रवास १२,००० किलोमीटर आणि पेट्रोलचा दर लिटरला १०० रुपये धरू. लिटरला १२ किलोमीटर देणाऱ्या गाडीला वर्षाला १,००० लिटर, म्हणजे एक लाख रुपयांचे पेट्रोल लागेल. किलोमीटरला हा खर्च ८ रुपये ३३ पैसे पडतो. लिटरला १६ किलोमीटर देणाऱ्या संकरित गाडीला ७५० लिटर पुरतील आणि खर्च किलोमीटरला सव्वासहा रुपये पडेल. बचत वर्षाला २५,००० रुपये झाली.

पण वहीत आणखी एक रकाना आहे, तो घसाऱ्याचा. भारतातील मोटार विम्यात गाडीचे मूल्य वयानुसार कसे उतरवावे याची ठरावीक श्रेणी आहे. त्या श्रेणीप्रमाणे पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के उतार धरला जातो. या मापाने ५० लाखांची गाडी पाच वर्षांत २५ लाखांची होते. साठ हजार किलोमीटरांवर हा उतार वाटला, तर किलोमीटरला ४१ रुपयांहून अधिक पडतो. पेट्रोलच्या खर्चाच्या हा पाचपट आहे, आणि याची पावती कोठेही मिळत नाही. त्याशिवाय विमा आहे. त्यातील तृतीय पक्षाचा हप्ता इंजिनाच्या आकारानुसार आणि स्वतःच्या नुकसानीचा हप्ता गाडीच्या मूल्यानुसार ठरतो. रुंद टायर, देखभाल आणि कर्जाचे व्याज हेही त्यात आलेच. काही टर्बो इंजिनांना अधिक ऑक्टेनचे महाग पेट्रोल लागते. मग लिटरमागील आकडा चांगला असूनही किलोमीटरमागील खर्च वाढतो.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की संकरित गाडी पाच लाख रुपयांनी महाग असेल, तर ते पाच लाख केवळ पेट्रोलच्या बचतीतून भरून येण्यास वरील दराने दोन लाख चाळीस हजार किलोमीटर धावावे लागेल. दररोज दोनशे किलोमीटर याप्रमाणे वर्षातील तीनशे दिवस धावणारी भाड्याची गाडी हे अंतर चार वर्षांत कापील. घरगुती गाडीला वीस वर्षे लागतील. बचतीचे यंत्र जितके अधिक राबते, तितके ते स्वस्त पडते. कमी राबविले जाणारे बचतीचे यंत्र ही एक प्रकारची चैनच होय.

दुसरा निष्कर्ष मध्यमवर्गीय कुटुंबाला अधिक महत्त्वाचा आहे. पाच वर्षांची आलिशान गाडी निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीला मिळते आणि नव्या साध्या मोटारीच्या पैशात ती दारात येते. परंतु उतरलेली असते ती गाडीची किंमत. तिचे टायर, ब्रेक, सुटे भाग आणि कारागिराची मजुरी यांचे दर नव्या गाडीच्या वर्गाचेच राहतात. पेट्रोलची तहानही वयाबरोबर कमी होत नाही. उलट दुरुस्त्या याच वयात सुरू होतात आणि बहुधा हमीची मुदतही संपत आलेली असते. संकरित गाडी असेल, तर बॅटरीची हमी किती वर्षे उरली आहे आणि ती नव्या मालकाला मिळते की नाही, हे लेखी विचारून घ्यावे. घराच्या उत्पन्नाला गाडीची किंमत झेपते काय, या प्रश्नाबरोबर पुढील पाच वर्षांचा तिचा संसार झेपेल काय, हा प्रश्न विचारल्यावाचून असा व्यवहार करू नये. पुष्कळ घरांत खरेदीचा आनंद पहिल्या मोठ्या दुरुस्तीच्या बिलाबरोबर संपतो.

देशाचा हिशेब

वरील वहीवरून कोणी म्हणेल, की आलिशान गाडीत पेट्रोलचा खर्च किरकोळ असेल, तर मालकाने त्याची चिंता का करावी? मालकाच्या खिशापुरते पाहिले, तर हा युक्तिवाद बरोबर आहे. आणि म्हणूनच हा प्रश्न केवळ त्याच्या खिशावर सोडून चालत नाही. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल परदेशातून आणतो. पेट्रोलचा एक लिटर जळाला, की सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पाऊण किलो वजनाच्या पेट्रोलातून एवढा वायू निघतो, कारण त्यातील कार्बन जळताना हवेतील प्राणवायू ओढून घेतो. वर्षाला हजार लिटर जाळणारी गाडी आपल्या वजनापेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइड सोडते.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७५ मध्ये कायदा करून प्रत्येक कारखानदाराच्या गाड्यांना सरासरी इंधनकार्यक्षमतेचे बंधन घातले. ते १९७८ च्या गाड्यांपासून लागू झाले. त्याच सुमारास अति पेट्रोल पिणाऱ्या मोटारींवर वेगळा करही बसविला. पण या करातून 'हलके ट्रक' वगळले गेले, आणि त्यांच्यासाठी सरासरीचे बंधनही सौम्य ठेवले गेले. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या बहुतेक क्रॉसओव्हर गाड्या कायद्याच्या दृष्टीने या वर्गात बसल्या. शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या वाहनासाठी ठेवलेली सवलत अशा रीतीने आलिशान गाडीच्या वाट्याला आली. २०२५ मध्ये तर या बंधनाच्या भंगाचा दंडच शून्यावर आणण्यात आला. भारतात असे सरासरीचे बंधन २०१७-१८ पासून लागू झाले आणि २०२२-२३ मध्ये ते कडक करण्यात आले. मात्र त्यातही जड गाड्या बनविणाऱ्या कारखानदाराला अधिक सूट मिळते.

कायद्याची वाट न पाहताही चालकाच्या हाती पुष्कळ असते. अमेरिकी सरकारच्या माहितीनुसार आक्रमक चालविण्यामुळे महामार्गावर १५ ते ३० टक्के आणि गर्दीत १० ते ४० टक्के इंधन कार्यक्षमता घटते. भारतात १९७८ मध्ये स्थापन झालेला पेट्रोलियम संरक्षण अनुसंधान संघ हेच सांगत आला आहे: वेग माफक ठेवावा, टायरमध्ये हवा नीट ठेवावी, थांबल्यावर इंजिन बंद करावे. या उपायांना पैसे पडत नाहीत आणि ते दहा लाखांच्या गाडीला जितके लागू आहेत, तितकेच पन्नास लाखांच्या गाडीलाही आहेत.

सारांश, मोटारगाडीचे तीन हिशेब असतात. पहिला विक्रेता सांगतो, दुसरा मालकाला स्वतः मांडावा लागतो आणि तिसरा समाजाला फेडावा लागतो. गाडी घेण्यापूर्वी हे तिन्ही आकडे एका कागदावर लिहून पाहण्याची सवय ज्या घरात असेल, त्या घराला कोणती गाडी घ्यावी, किंबहुना गाडी घ्यावी की नाही, हे दुसऱ्या कोणाला विचारण्याची गरज पडणार नाही.